न्यूर्नबर्गमधील ड्यूररचे घर
जर्मनीतील न्यूर्नबर्गला आम्ही सोमवारी पोहोचलो. वर्षातील बहुतेक महिने चित्रकार अल्ब्रेश्ट ड्यूररचे घर सोमवारी बंद असते, त्यामुळे पहिल्या दिवशी ते बाहेरूनच पाहावे लागले. मात्र वेशीलगतच्या चौकात निवांत उभे राहता आल्यामुळे त्याची बांधणी नीट समजली. सुमारे 1420 साली उभ्या राहिलेल्या या संरक्षित घराचे खालचे दोन मजले वालुकाश्माचे आहेत आणि वरचे मजले लाकडी सांगाड्याचे, म्हणजे भार खांब, तुळया आणि तिरक्या आधारांनी पेलायचा आणि मधले गाळे भरून गिलावा करायचा, अशा रीतीचे.

व्यापारी आणि खगोलनिरीक्षक बेर्नहार्ड वाल्थर याने 1501 मध्ये हे घर घेतले आणि आकाश पाहता यावे म्हणून छपरात लहान खिडक्या काढल्या. त्याच्या बुधाच्या नोंदी पुढे कोपर्निकसने वापरल्या. 1509 मध्ये ड्यूररने घर विकत घेतले आणि 1528 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो येथेच राहिला. 1515 मधील त्याचे गेंड्याचे मुद्राचित्र याच काळातले. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला तो गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला होता. ड्यूररने तो स्वतः कधी पाहिला नाही, दुसऱ्याच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढला. परक्या गावातील त्या घरात गोव्याचा हा धागा सापडल्याने मी फार हरखलो.

आतील सामानसुमान ड्यूररचे नाही, हे ध्यानात ठेवून फिरावे. कार्यशाळेतील छपाईचे प्रात्यक्षिक मात्र चुकवू नये. शाई लावलेल्या ठशावरून कागद हलक्या हाताने सोलून काढताना उलट कोरलेली रेघ सुलट उमटलेली दिसते आणि या घरात काय काम चाले ते डोळ्यांसमोर उभे राहते. प्रात्यक्षिकाची वेळ तिकीट घेतानाच विचारावी. ध्वनिमार्गदर्शक अवश्य घ्यावा; त्यात ड्यूररची पत्नी आग्नेस घर दाखवते.

1871 पासून येथे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत जुने शहर जवळजवळ नष्ट झाले. या घराचेही नुकसान झाले, तरी ते टिकले आणि 1949 पर्यंत बहुतांशी दुरुस्त झाले.

भुयारी रेल्वेच्या यू 1 मार्गाने लोरेन्झकिर्शे स्थानकावर उतरून चालत जावे. शेवटचा चढ फरसबंदीचा आहे आणि घरातही जिने चढायचे आहेत, म्हणून पायात चांगले बूट हवेत. ड्यूररची ‘चार प्रेषित’ आणि 1500 मधील आत्मचित्र ही मूळ चित्रे म्युनिकला आहेत; वेगवान रेल्वेने ते तासाभरावर आहे, तेव्हा घर पाहून झाल्यावर दुसरा दिवस तिकडे द्यावा.