पेरलेलं उकरून बघत नाही

"काकू, मुलगा फौजेत, घरी तुम्ही एकट्या. आणि विचारलं की म्हणता, देवाच्या हवाली केलंय. म्हणजे नेमकं काय करता?" बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात, बसमध्ये, हळदीकुंकवाला कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या भागात मे संपता संपता भाताची धूळवाफ पेरणी करतात. एखादा वळीव होऊन गेलेला असतो, पण रान कोरडंच. कुरी चालली की धूळ उडते आणि त्या धुळीत बी पडतं. मिरगाचा पाऊस वेळेवर आला तर उगवण छान. मधेच चुकार सर पडून नंतर उघडीप लागली, तर आलेला मोड करपतो आणि दुबार पेरणी नशिबी येते. तरी भिऊन कुणी बी घरात ठेवत नाही. आणि पेरून झाल्यावर रोज उकरूनही बघत नाही.

मी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावते आणि एकेकाचं नाव घेते. 'सगळ्यांचं भलं कर' असं एका दमात म्हणायला मला जमत नाही. नाव घेतलं की माणूस समोर येतं. मुलगा, फोनवर तो ज्यांची नावं सांगतो ती त्याच्याबरोबरची पोरं, जावेचा दुखरा गुडघा, शेजारच्या मुलीची एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा. मग उद्याचं सांगते: खत आणायचंय, सोसायटीचा हप्ता भरायचाय. सांगता सांगताच कळतं, हप्ता मलाच भरायचाय. तो देवावर टाकून चालायचं नाही. डोंगरात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलापर्यंत मात्र माझा हात पोचत नाही. तेवढं देवाच्या पायाशी ठेवते.

हे सहज आलेलं नाही. मालक बेळगावात दवाखान्यात होते, तेव्हा रोज मागायची, 'पेरणीला घरी आण.' ते आले नाहीत. दसऱ्यापर्यंत मी दिवा लावला नाही. त्यातही काही भलंच असेल, असं लोक समजावत. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या चार महिन्यांत काळजी कुणापुढे उतरवायची जागाच राहिली नव्हती. रात्रभर तीच उशाशी. मग एक दिवस कणकुंबीला गेले. मलप्रभा उगम पावते त्या गावात माउलीचं देऊळ आहे, तिथं नुसती बसून राहिले. मागणं सुचेना. मालकांचं नाव तेवढं तोंडातून आलं आणि रडू फुटलं. तोवर मी देवाला माझा निर्णय कळवत होते, हे तिथं उमगलं.

मुलाची कसम परेड बेळगावातच झाली, मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये. पुढे पोस्टिंगला निघाला तेव्हा स्टेशनवर पाया पडायला वाकला. त्याच्या पाठीवर हात ठेवून मनात म्हटलं, माउली, हा तुझाही आहे, बघ. गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबले. घरी येऊन गोठा झाडला.

परवा पेरणी झाली. पाऊस अजून नाही. तीन दिवस त्याचा फोनही नाही. पोटात कालवतं, नाही म्हणत नाही. आत्ताच दिवा लावला, पहिलं नाव त्याचंच घेतलं. आता चुलीवर भात ठेवते.