पत्र्याच्या शेडमधला परिपाठ

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीचे सामने असं पुष्कळ डोळ्यांपुढं आलं. पण मला त्या शाळेनं जे खरं दिलं ते १९९३ च्या ऑक्टोबरात, जेव्हा शाळेला ना भिंती होत्या ना फळा. तेच लिहितो.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गुलाल अंगावर घेऊनच गाव झोपलं. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी अशी गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. त्यात आमचंही होतं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची घरं म्हणजे हातभर रुंदीच्या दगडी भिंती, दगडांना दगड धरायला फक्त चिखल, आणि वर तुळयांवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते माळवदच लोकांच्या अंगावर आलं. शेतात राखणीला गेलेले वाचले. वडील त्यामुळंच वाचले. माझी धाकटी बहीण गेली.

नंतर पाऊस लागला. सरणाला लाकूड कुठलं? पडलेल्या घरांच्या तुळयाच वापरल्या. जवान, डॉक्टर, गावोगावचे कार्यकर्ते आले, कपड्याधान्याचे ट्रक आले. सगळा देश धावून आला, आणि ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. पण रात्री शेडमध्ये पाठ टेकली की जमीन पुन्हा हलायची आणि बाया किंचाळत बाहेर पळायच्या. त्या भीतीवर ट्रकमधून काही येत नव्हतं.

अशात गुरुजींनी शाळा भरवली. हजेरीपट ढिगाऱ्यात गेला होता, पण हाती असता तरी त्यांनी तो उघडला नसता. म्हणाले, “आज हजेरी नाही. परिपाठ करू.” वर्गातला एक जण, ज्याची आई आणि दोन्ही भाऊ गेले होते, तो बसूनच राहिला. म्हणाला, “गुरुजी, त्याच रात्री तर गणपती बोळवला. इतकं नाचलो. मग त्यानं असं का केलं?” आम्ही सगळे श्वास रोखून होतो. गुरुजी त्याच्याजवळ खाली बसले. “मलाही हेच विचारायचंय रे त्याला. उत्तर माझ्यापाशी नाही. तू म्हणू नकोस, नुसता आमच्यात उभा राहा.”

तो उभा राहिला. आम्ही पसायदान सुरू केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच कुणाचा तरी आवाज फुटला. तो थांबला, पण शेजारच्यानं ओळ उचलून धरली. मग तोही थांबला, आणि पहिल्यानं पुन्हा सूर धरला. असं करत करत ते शेवटपर्यंत गेलं. मला जो दिलासा मिळाला तो इथं मिळाला. एकट्यानं सगळं म्हणायचं नव्हतं. माझा गळा दाटला तरी प्रार्थना थांबत नव्हती, माझ्या वाटची ओळ कुणीतरी म्हणत होतं. ज्ञानेश्वरांनी त्यात स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही, जे मागितलं ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी. घरदार गेलेल्या लेकरांच्या तोंडी ते मागणं रोज यायचं. हळूहळू आम्हीही आपल्यापलीकडे बघायला लागलो.

मोठी माणसंही आपापल्या परीनं तेच करत होती. शेजारच्या शेडमधल्या लिंगायत आज्जींच्या गळ्यातलं, तळहातावर घेऊन पुजायचं इष्टलिंग ढिगाऱ्यात गेलं होतं. त्या पहाटे कपाळाला भस्म लावून रिकामा डावा तळहात पुढं धरायच्या आणि त्यावरच बेलाचं पान ठेवून पूजा करायच्या. पलीकडचे चाचा नमाज झाल्यावर दुआ मागताना त्यांच्या घरातल्यांबरोबर माझ्या बहिणीचंही नाव घ्यायचे. आई ते ऐकायला शेडच्या दारात उभी राहायची. तिला रडू यायचं, पण त्यानंतर ती दोन घास खायची.

वडील मात्र गप्पच होते. पेरणीचे दिवस निघून चालले होते. एका सकाळी त्यांनी उसनी तिफण आणली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून कितीतरी वेळ उभे राहिले. मग चाड्यावर मूठ धरून ज्वारी पेरायला घेतली. त्या दिवशी प्रथमच वाटलं की आम्ही जगणार.

‘देवाची करणी’ म्हणणारे तेव्हाही भेटले, आजही भेटतात. मला ते पटत नाही. भूकंप जमिनीनं केला आणि माणसं मारली ती चिखलात रचलेल्या भिंतींनी. पुढं मी स्थापत्य अभियंता झालो त्याचं मूळ तिथंच आहे. प्रार्थनेनं आम्हाला कारण सांगितलं नाही, उभं राहायचं बळ दिलं. कारण शोधणं आणि घरं नीट बांधणं हे माणसाचं काम, आणि त्यात हयगय करून नुसते हात जोडणं मला मान्य नाही.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. दर ३० सप्टेंबरला परिपाठात त्या वर्षी गेलेल्या मुलांची नावं वाचावीत, पसायदान म्हणावं आणि लगेच मुलांकडून भूकंपाची कवायत करून घ्यावी. कवायतीच्या आखणीसाठी मी दरवर्षी येईन. आणि नव्या वर्गखोल्यांचा आराखडा पक्का करण्याआधी मला एकदा दाखवावा.