रीडिंग स्पेशालिस्टचं ऑनलाइन मास्टर्स करताय? आधी प्रॅक्टिकमचं विचारा

टेक्सासमध्ये शिकवणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी सध्या रीडिंग स्पेशालिस्ट, म्हणजे वाचनात अडणाऱ्या मुलांना मदत करणारी शिक्षिका, व्हायला लिटरसीमध्ये (वाचन-लेखन शिकवण्यात) ऑनलाइन एम.एड. करायचं म्हणतायत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं स्वस्त पडेल? मी डॅलसजवळ दुसरीला शिकवते, माझं हे मास्टर्स चालू आहे, आणि मला मनापासून वाटतं की फीच्या आधी प्रॅक्टिकमचं विचारा. म्हणजे तुम्ही मुलाला घेऊन वाचायला बसाल तेव्हा कोणी बघणार आहे का, आणि बघून झाल्यावर तुमच्याशी नीट बोलणार आहे का.

बाकीचं बरंचसं घरबसल्या वाचता येतं. वाचन कसं शिकवावं यावरचा अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनलचा २००० सालचा रिपोर्ट आहे, गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र आहे, की वाचन म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, त्यामुळे दोन्हीतलं एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य. वर्गात कोण नक्की कुठे अडलंय हे बघायची नजर या सूत्राने दिली, ते मी मानतेच.

पण खरं शिकले ते व्हिडिओ पाठवून. एका मुलाचं वाचन रेकॉर्ड केलं होतं, पुस्तकात लिहिलंय 'पोनी' आणि हा वाचतोय 'हॉर्स', कारण चित्रात घोडा. प्रोफेसरबाईंनी झूमवर तिथेच व्हिडिओ थांबवला आणि म्हणाल्या याचे डोळे बघ, शब्दावर टेकलेच नाहीत, सरळ चित्रावर गेले. चित्र बघून अंदाज करायला इथे कित्येक वर्षं शाळांमधूनच शिकवलं गेलं, आता अनेक राज्यांनी ते थांबवलंय. मग त्याच्यासोबत एल्कोनिनचे चौकोन सुरू केले, म्हणजे शब्दातल्या प्रत्येक आवाजाला एक चौकोन. 'शिप'मध्ये लिहायला अक्षरं चार पण ऐकू येणारे आवाज तीन, म्हणून चौकोन तीन, एकेका आवाजाला एकेक बटण सरकवायचं. दिसायला इतकं साधं, पण कधी पुढे जायचं आणि कधी थांबायचं हे शेजारी बसून कोणी दाखवल्याशिवाय हाताला येत नाही.

शनिवारी मराठी शाळेत हेच जसंच्या तसं लावता येत नाही हेही लक्षात आलं. इंग्रजीत एकाच अक्षराचे आवाज बदलतात, आपल्याकडे आवाज बऱ्यापैकी पक्का पण चिन्हं केवढी, बाराखडी, त्यावर जोडाक्षरं, आणि 'कि'ची वेलांटी तर डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, मुलं तिथे अडखळणारच. कोर्समधला जवळजवळ सगळा रिसर्च इंग्रजीवरचा. म्हणून लिरिल हा अभ्यास मी स्वतः शोधून वाचला, पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या मागे संशोधक काही वर्षं राहिले, आणि तो वाचताना आपली मुलं समोर दिसत होती!

आता कागदपत्रांचं पटकन सांगते. टेक्सासमध्ये रीडिंग स्पेशालिस्टच्या सर्टिफिकेटला मास्टर्स, दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, १६० तासांचं प्रॅक्टिकम आणि परीक्षा असं सगळं लागतं. दुसऱ्या राज्यातली ऑनलाइन डिग्री घेतली म्हणजे आपल्या राज्याचं सर्टिफिकेट आपोआप मिळत नाही, हे ॲडमिशनवाले फोनवर सांगतीलच असं नाही, म्हणून लेखी विचारा. आपली भारतातली तीन वर्षांची बी.ए. काही ठिकाणी पुरी धरत नाहीत, पुढे केलेलं बी.एड. जोडून मूल्यांकन करून घ्या.

पैशांसाठी टीच ग्रँट, म्हणजे शिक्षक होणाऱ्यांना अमेरिकन सरकार देतं ती मदत, बघा, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळू शकते आणि रीडिंग स्पेशालिस्ट त्यात बसतं. पण त्या बदल्यात आठ वर्षांच्या आत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत शिकवावं लागतं, ते जमलं नाही तर सगळी रक्कम कर्ज होते आणि व्याज मागच्या तारखेपासून लागतं. सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड हवं, एच-फोरच्या ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या काम करायच्या परवान्यावर) ही ग्रँट मिळत नाही, त्यामुळे ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या एचआरला ट्यूशनमध्ये काही मदत मिळते का ते आधी विचारावं.