हिरवा-दोन तोच निघाला! (आणि फिल्मची कटकट)

तर मंडळी, माझ्या सापांच्या नोंदवहीतला आंबोलीचा हिरवा-दोन हा गेल्या पावसाळ्यातलाच चापडा (झाडांवर राहणारा विषारी साप) आहे. डोळ्यांवरच्या दोन लांबट खवल्यांच्या मधोमध एक अर्धवट दुभंगलेला खवला आणि त्याला चिकटून मागे एक तिरका त्रिकोणी. दोन्ही वर्षांच्या फोटोंत हे जसंच्या तसं. व्हाळही (ओढा) तोच, कारवीचं बेटही तेच. एका सापावरून 'जागा धरून राहतात' असं ठोकून देणार नाही, पण शनिवारी रात्री एकट्यानेच चहा करून साजरं केलं.

तपकिरी आणि शेवाळी मलबार चापडे नोंदवहीत लावणं सोपं, नक्षीच ओळख देते. हिरव्यांचे वांधे. कात टाकल्यावर रंग खुलतो, आठवड्याभराने वेगळाच साप वाटतो. खवल्यांची मांडणी मात्र जन्मभर बदलत नाही. म्हणजे डोक्याचा वरून, स्वच्छ फोटो हवा. आणि पावसात भिजलेल्या डोक्यावर फ्लॅश मारला की खवल्यांच्या जागी नुसता पांढरा डाग!

म्हणून मागच्या वेळी लिहिलं होतं तसं क्रॉस पोलरायझेशन, म्हणजे चकाकी मारायची युक्ती: फ्लॅशवर प्रकाशाला एकाच दिशेत कंपू देणारी (पोलराइज करणारी) फिल्म, लेन्सवर सीपीएल (तसाच, पण फिरवता येणारा फिल्टर), दोन्ही एकमेकांना काटकोनात. विकणाऱ्याच्या पत्रकात फिल्म डिफ्युझरच्या (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या पडद्याच्या) आत लावा म्हणून छापलंय. साफ चूक. पांढऱ्या डिफ्युझरमधून गेला की पोलराइज्ड प्रकाश पुन्हा विस्कटतो. फिल्म सगळ्यात बाहेरच हवी. आणि बाहेर लावली की आंबोलीचा पाऊस! कडांतून पाणी शिरलं, फिल्म फुगली, पापुद्रे सुटले. महाग फिल्म, तीही पातळ. त्या दुकानात मी परत जाणार नाही.

मग पारदर्शक पिशवी गुंडाळली. चकाकी परत हजर! ताणलेल्या प्लास्टिकमधून जाताना पोलरायझेशन बिघडतं. दोन पोलरायझरच्या मध्ये पारदर्शक चिकटपट्टी धरून बघा, त्यात रंग दिसतील. शेवटी सावंतवाडीत फोटोफ्रेमवाल्याकडून दोन काचा कापून घेतल्या, फिल्म मध्ये ठेवली, कडा सिलिकॉनने बंद केल्या. जड आहे, पण टिकलं. जुळवायची युक्ती: स्टीलचा चमचा समोर धरायचा, फिल्मच्या मागून टॉर्च मारायचा आणि त्यावरची चकाकी मरेपर्यंत सीपीएल फिरवायचा.

पहिला नीट फोटो स्क्रीनवर आला तेव्हा प्रत्येक खवल्याची कड, मधली बारीक काळी शिवण, सगळं उघडं! प्रकाश मात्र दोनेक स्टॉपने खातो (म्हणजे जेमतेम पाव उरतो), त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) चढवावा लागतो. आणि डोळ्यातली चमक गेल्यामुळे साप मेल्यासारखा दिसतो. भिंतीवर लावायला नेहमीचा डिफ्युझरच बरा.

कॅमेरा मोनोपॉडवर, रिमोटने. हात पुढे नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली असते, चापडा तिच्यात नाही. फांदी वाकवून डोकं खाली आणणाऱ्यांनी तर इकडे फिरकूच नये. (जागा विचारू नका, आणि तुमच्या फोटोंतलं लोकेशन काढून टाका.)

नोंदवहीतलं शास्त्रीय नावही बदलतोय: ट्रायमेरेसुरस खोडून क्रास्पेडोसेफॅलस मलबारिकस. २०२१ च्या वर्गीकरणाच्या फेरमांडणीनंतर दक्षिणेकडचे काही गट वेगळ्या प्रजाती ठरले. आपले आंबोलीचे मात्र ब्रिटिश निसर्गअभ्यासक जेर्डनने १८५४ साली वर्णन केलेल्या मलबारिकसमध्येच राहिले.

पुढे दुसरा फ्लॅश आणि काचेची आणखी एक जोडी असा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: वरून घेतलेले फोटो कोणाकडे आहेत? जवळपास कोणाकडेच नाहीत. बाजूने घेतलेले मात्र सगळ्यांकडे ढिगाने! डोळा आणि ओठाच्या मधले खवले, उष्णता टिपणाऱ्या खळग्याभोवतीचे खवले, हेही तितकेच पक्के असणार. फक्त डावी बाजू डाव्याशीच ताडायची, उजवी उजव्याशी. तेव्हा फ्लॅश राहू दे. हिरवा-दोनचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून बसतो. आंबोली, तिलारी, गोव्याकडचे जुने हिरवे चापडे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मूळ फाइली, तारखेसकट, पाठवा. व्हॉट्सअॅपवर दाबलेल्या नकोत, त्यात खवल्यांचा लगदा होतो.