एक एप्रिल, कार्नी आणि आमचे मेंबर

दरवर्षी १ एप्रिलला आमच्या श्रवण मंडळाची जॅझची संध्याकाळ असते आणि दरवर्षी ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, खरंच आहे ना, की एप्रिल फूल? खरंच असते हो. ज्याच्यासाठी ही संध्याकाळ, तो बॅरिटोन सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी अमेरिकेत बोस्टनला १ एप्रिल १९१० लाच जन्मला, त्याला आम्ही काय करणार.

दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च हे सगळं यथासांग होतं, त्यावर काय लिहायचं. आम्ही थांबलेलो असतो ते काकांच्या भाषणासाठी. काका बँकेतून रिटायर झालेले, हातात कागद नसतो, आणि सुरुवात ठरलेली: १९६३ साली अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा बँड मुंबईत आला तेव्हा थोरला भाऊ ऐकायला गेला आणि यांना "तू लहान आहेस" म्हणून घरी ठेवलं. तो भाऊ पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि दरवर्षी तितकाच खूश होऊन हसतो.

मग काका कार्नीवर येतात. १९२७ साली सतराव्या वर्षी एलिंग्टनकडे लागला तो १९७४ पर्यंत तिथेच, म्हणजे ४७ वर्षं एकाच बँडमध्ये!! त्याच्या आधी बॅरिटोन, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा सॅक्सोफोन, हे मागे बसून भर घालायचं वाद्य, त्यावर सोलो वाजवून लोकांना ऐकत बसवलं ते याने. वरचे स्वर टेनर सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्ससारखे आणि खालचे एड्रियन रोलिनीच्या बास सॅक्ससारखे यावेत हा त्याचा प्रयत्न असायचा. एलिंग्टन पण वस्ताद, कार्नीला बरेचदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) पायाचा स्वर न देता भलताच स्वर द्यायचा, आणि तो आवाजच एवढा भरदार की सगळ्या बँडचा रंग बदलायचा. प्रवासात बाकीचे बसने आणि एलिंग्टन कार्नीच्या गाडीत, कार्नी गाडी चालवतोय आणि शेजारी साहेबांच्या डोक्यात नवीन चाली चालल्यात.

यानंतर गोव्याचे आमचे सॅक्सोफोनवाले अंकल उभे राहतात, आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलेलं. पाच-सहा किलोचं ते धूड, वर नळीचं वेटोळं, पट्टा मानेत रुतलेला, अंकल अगदी खालचा स्वर लावतात आणि प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरतात, खोटं नाही सांगत. आपले सनईवाले स्वर तुटू नये म्हणून गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात ना, तेच कार्नी करायचा. एलिंग्टनच्या 'सोफिस्टिकेटेड लेडी' या चालीच्या शेवटी तो एक स्वर धरून ठेवतो, काका रेकॉर्ड लावतात आणि हात वर करून उभे राहतात, स्वर संपेपर्यंत हात खाली नाही. मला दर वेळी भरून येतं, बाजूच्या मावशी पर्समधला रुमाल आधीच काढून ठेवतात.

त्यानंतर 'आग्रा'. त्या १९६३ च्या दौऱ्यातूनच पुढे एलिंग्टनचा 'फार ईस्ट स्वीट' (Suite, म्हणजे तुकड्यांची मालिका) हा अल्बम झाला, त्यातला ताजमहालचा तुकडा पूर्ण कार्नीच्या जिवावर आहे. आणि शेवटी काका तारखा सांगतात, नुसत्या तारखा. २४ मे १९७४ ला एलिंग्टन गेला. ८ ऑक्टोबरला कार्नी. मधे कार्नी म्हणाला होता की ड्यूकशिवाय जगण्यासारखं काही उरलं नाही.

आता हे ऐकायला किती लोक? अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आयपीएल असते, लग्नं असतात, मान्य, पण तो माणूस ४७ वर्षं बँड सोडून गेला नाही आणि आपल्याला वर्षातून एकदा साडेसहाला हॉलवर येणं जमत नाही. आणि बटाटेवड्यांच्या वेळी बरोबर गर्दी कशी होते हे मी बोलणार नाही.

मदतीचं मात्र लिहायलाच हवं. रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेऊन रिक्षाने येणारे ट्रेझरर, त्याची सुई बदलून देणारा त्यांचा पुतण्या, लॅपटॉपवर फोटो दाखवणारी अकरावीतली मुलगी, तिला सोडायला येऊन सतरंज्या उचलणारे तिचे बाबा, वडेवाल्या वहिनी, चहाचे थर्मास देणारे समोरचे डॉक्टर, अंकलच्या सॅक्सोफोनची पेटी जिन्यावरून चढवणारी दोन पोरं, नऊ वाजले तरी दिवे बंद न करणारे वॉचमन मामा, आणि मामांसाठी आठवणीने वडे बांधून ठेवणाऱ्या त्याच रुमालवाल्या मावशी. माइकवाला पण! त्याने या वर्षीही भाडं घेतलं नाही, ट्रेझररनी पाकीट दिलं तर ते वर्गणीच्या डब्यात टाकून गेला. पुढच्या वर्षीच्या वड्यांची ऑर्डर मात्र आलेली माणसं मोजूनच देणार आहे, वहिनींना सांगून ठेवलंय.