आमची वाटचाल : कीर्द आली, खतावणी मागं

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो, तेव्हा डेटाबेस एकच होता. दुकानं वाढली तशी आमच्या डेटाबेसची, म्हणजे पोस्टग्रेसची, दुसरी प्रत उभी केली. नोंदी मुख्य सर्व्हरवर, याद्या आणि अहवाल प्रतीवरून. मग सोयाबीनची आवक सुरू झाली आणि फोनही. "सर, पट्टी टाकली, पर दिसंना." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब. ती मुख्य सर्व्हरवर पडलेली असायची, प्रतीवर अजून चढलेली नसायची. मुनीमजी पुन्हा टाकायचे. एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या. शिव्या खाल्ल्या, रास्तच होत्या.

प्रत किती मागे, हे बघायला एक आकडा लावला: आत्ताची वेळ वजा प्रतीवर चढलेल्या शेवटच्या व्यवहाराची वेळ. मोंढा बंद असलेल्या पहिल्याच दिवशी रात्री दोनला मोबाईल कोकलला, प्रत नऊ तास मागे! प्रत धडधाकट होती. व्यवहारच झाला नव्हता, घड्याळ तेवढं पळत होतं. तेव्हापासून मुख्य सर्व्हरवर दर १० सेकंदांनी वेळेची एक नोंद आपोआप पडते.

खरं दुखणं वेगळंच होतं. "उशीर ६०० सेकंद" एवढ्यावरून आमच्या पोरांना काही कळायचं नाही. उठसूट इंटरनेटवाल्याला फोन. एका जुन्या मुनिमांना समजावताना मलाच शब्द सापडले. मुख्य सर्व्हर आपली कीर्द, म्हणजे झालेल्या बदलांची ओळीनं नोंद, पाठवतो, प्रत ती उतरवून घेते आणि मग खतावणी करते, म्हणजे ते बदल आपल्या तक्त्यांत चढवते. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस हे उशीर वेगवेगळे दाखवतं: राइट लॅग (कीर्द प्रतीवर लिहिली जाईपर्यंत), फ्लश लॅग (ती डिस्कवर पक्की होईपर्यंत), रीप्ले लॅग (खतावणी होईपर्यंत). आम्हीच बघितले नव्हते. बघितले तर कीर्द वेळेवर पोचत होती, अडत होती खतावणी. दुपारी कुणी सेठ वर्षभराचा अहवाल काढायचे. अहवालाला लागणाऱ्या जुन्या ओळी साफ करायचा हुकूम कीर्दीत आला की प्रत थांबते. मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद, मग अहवालच रद्द. अहवाल तुटतात म्हणून ओरड झाली, तेव्हा ती मुदत मीच १५ मिनिटं केली होती. इंटरनेटवाल्याची माफी मागायची अजून राहिलीय.

मुदत ५ मिनिटांवर आणली. ज्या मुनिमांनी पट्टी टाकली, त्यांना ती आता मुख्य सर्व्हरवरूनच दिसते. यादीच्या डोक्यावर 'ही माहिती ११:४२ पर्यंतची' असं येतं आणि खाली, काय अडलंय ते: कीर्द पोचली नाही, की खतावणी मागे.

परवा एका मुनीमजींचा फोन आला. "सर, कीर्द आलीय, खतावणी मागं हाय. कुणाचा तरी अहवाल चालू असंल बघा."

होता. आमच्याच ऑफिसातून.