सीवूड्सचे फ्लेमिंगो: पैसे भरण्याआधी तिथी बघा

माणशी १,२०० रुपये घेऊन ‘नवशिक्यांसाठी फोटो वॉक’च्या नावाखाली आम्हाला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला नवी मुंबईतल्या सीवूड्सला, ‘टी. एस. चाणक्य’ या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर उभं केलं. म्हणजे जवळजवळ पूर्ण ओहोटीला! पक्षी सगळे लांब खाडीच्या चिखलावर. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्समधून बघितलं तर गुलाबी खसखस सांडल्यासारखे. ‘थांबा, येतील जवळ,’ असं आयोजक म्हणत राहिला. नऊच्या सुमारास पाणी चढू लागलं, थवे सरकायला लागले, आणि तेव्हाच वॉक संपला.

हिशोब कोळीवाड्यात कुणीही सांगेल. तिथीला पाऊणने गुणा, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, मग सहा तास आधी चिखलच असणार. भरतीने चिखल बुडाला की पक्षी आतल्या पाणथळीत येतात. त्यामुळे दशमी ते द्वादशी गाठा: भरती साडेसात ते नऊ. शिवाय खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. संध्याकाळी उलट, नुसत्या काळ्या आकृत्या. तशा हव्या असतील तर खुशाल जा.

जवळ जायचं म्हणून आम्हाला चिखलात उतरवलं, ते मात्र मी विसरणार नाही. पोटरीपर्यंत पाय जातो, बूट आत राहतो, एका हातात कॅमेरा, दुसऱ्याने तिवराची फांदी धरायची. आणि आपण दहा पावलं पुढे गेलो की थवा वीस पावलं मागे. त्या तासात एकही फोटो ठेवण्यासारखा आला नाही. कुणीही सांगितलं तरी उतरू नका.

‘मॅन्युअल मोडवरच शिका’ हा आयोजकाचा आग्रहही निरर्थक. उडत्या पक्ष्याला शटर प्रायॉरिटी लावा, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो (कॅननवर Tv, निकॉन-सोनीवर S), शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. १/२५० वर पंख पुसट येतात. १/२५० वरून १/१००० ला गेलात की प्रकाश चौथाई होतो, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच असेल तर आयएसओ २०० चा ८०० होतो. होऊ दे, थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या पक्ष्यावर तो धरून राहतो. ट्रायपॉड यादीत होता म्हणून वाहून नेला, एकदाही उघडला नाही.

वॉक संपल्यावर मी मागे थांबलो. साडेअकराला थवा इतका जवळ आला की लहान रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) काळपट लाल चोच आणि मोठ्याची काळ्या टोकाची गुलाबी चोच साध्या डोळ्यांनी वेगळी कळत होती. सगळा शीण गेला! पण स्क्रीनवर मान पांढरीफटक, पिसं गायब, रंग उरला तो फक्त पंखाखाली. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतो. मागे काळा चिखल असला की तो फोटो उजळवतो आणि पक्षी जळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं बटण) उणे ०.७ करा. मागे चमकतं पाणी असेल तर अधिक ०.७. पडद्यावरच्या फोटोपेक्षा हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) विश्वास ठेवा, उन्हात पडद्यावरचा फोटो काहीच खरं दाखवत नाही.

लेन्स ३०० मिमीपेक्षा कमी असेल तर भाड्याने घ्या, नाहीतर थव्याचे रुंद फोटो काढून समाधान माना. वॉकचे पैसे त्या भाड्यात घाला.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलो. उत्तम झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बोटीची वेळही भरतीवरच ठरते, आधी फोन करून विचारा. सीवूड्स स्टेशनहून पहाटे रिक्षावाला मीटर टाकायला तयार नसेल, तर दुसरी बघा.